खिडकीतला निळा तारा

लिंडनक्रीक, ओहायो
२० ऑक्टोबर १९५४

चि. व्हर्लिन यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. शेजारी टेलिव्हिजन आलाय, सगळी आळी संध्याकाळी तिथेच पडलेली असते. ज्या कामासाठी लिहितोय, ते लिहायला मात्र हात धजत नाही.

गावात युद्धावर गेलेल्या पोरांच्या नावांचा दगड बसतोय. हॉबर्ट न्हाव्याने त्यात तुझं नाव घातलं. म्हणाला, तुमच्या खिडकीत निळा तारा होता की! तो सैन्यातल्या मुलाच्या घरीच लागतो. बेचाळीस साली तू बंदूक नाकारलीस, सरकारने तुला ओरेगॉनच्या जंगलात वणवे विझवायला धाडलं, आणि मी लोकांच्या तोंडाला भिऊन तो तारा दुकानातून आणून टांगला. तुझी आई, बिचारी, रोज त्यावर पडदा ओढायची. मी रोज सारायचो. तू परतायच्या आधी काढून टाकला.

मिसेस क्रेब्स रेशनची साखर वाचवून केक करायच्या, आघाडीवर तुला पाठवायला. तो मी खायचो. वर त्यांना तुझ्या आणि त्यांच्या मुलाच्या, डेलच्या, भेटीच्या बातम्या रचून सांगायचो. डेल इटलीत लढताना गेला. आता त्यांची इच्छा आहे, अकरा नोव्हेंबरला दगडाचं अनावरण होईल तेव्हा तू त्यांच्या शेजारी उभं राहावंस. तासभर येऊन नुसता गप्प उभा राहिलास तर? रागावू नकोस.

तुझा,
बाबा

पोर्टलंड
२६ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. रागापेक्षा माझ्या भोळेपणाची लाज जास्त वाटली. झाड पडून लंगडा झालेला पाय घेऊन मी शेहेचाळीस साली घरी आलो, तेव्हा हॉबर्ट हात दाबून म्हणाला, शाब्बास लेका. मिसेस क्रेब्सनी तर जवळ घेतलं. मला वाटलं, तुम्ही सगळं खरं सांगितलंय, आणि मुलगा गमावलेली बाईसुद्धा मला माफ करतेय. आठ वर्षं मी माझ्या पोरांना सांगतोय, आमचं गाव फार मोठ्या मनाचं.

मी येणार नाही. मिसेस क्रेब्सना खरं काय ते तुम्हीच सांगा.

लोभ आहेच, तो कुठे जात नाही.

व्हर्लिन

लिंडनक्रीक
१२ नोव्हेंबर

चि. व्हर्लिन यास आशीर्वाद.

रविवारी चर्चमधून थेट मिसेस क्रेब्सकडे गेलो. टोपी हातात घेऊन दारातच सगळं सांगितलं, केकचंसुद्धा. तुझ्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, नाताळात डेल तुला भेटला, दोघं मोजे वाळवत हसत बसलात, तेही खोटंच का. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, एमेट, माझ्याकडे त्याचं तेवढंच हसणं उरलं होतं. मग दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दगडावर नाव कोरून झालं होतं. हॉबर्टने ते सिमेंटने बुजवलं. काल अनावरणाला मी मागे एकटाच उभा होतो.

आता कुणी विचारलं, तर तू काय काम केलंस ते खरं सांगणार आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.

पोरांना माझं काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यासाठी माया उरली असेल, तर तेवढी राहू दे.

बाबा