मुळासकट

अकोला,
ता. ६ सप्टेंबर १९६४

प्रिय आईस सिंधूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मेहकरच्या गाडीने पाठवलेली जांभळी रानफुले पोचली. पण तू ती भाजीसारखी निवडलीस ना? मुळे, जून पाने काढलीस, वर धुतलीसही! मैत्रिणी विचारत होत्या, फोडणी कधी देणार.

वनस्पतिशास्त्राच्या सरांनी नुसते शेंडे पाहून ‘सहदेवी’ म्हटले आणि तसे लिहायला लावले. झाड चिकटवलेला तो कागद कॉलेजच्या कपाटात कायमचा राहणार, खाली माझे नाव. आपल्या घरातून शिकलेले पहिलेच नाव चुकीच्या झाडाखाली नको. इथे वसतिगृहामागे सहदेवी आहे, तिच्या पानांना देठ असतो. आपल्याकडच्या झाडाची पाने दांडीला बिलगलेली आठवतात. पण नुसत्या आठवणीवर सरांशी कशी बोलू? महिनाअखेरपर्यंत कागद बदलता येईल. एक पूर्ण झाड मुळासकट, न धुता पाठव. बाबांचा खोकला कसा आहे?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी सिंधू

जानेफळ,
ता. १४ सप्टेंबर १९६४

चि. सिंधूस जयभीम व आशीर्वाद.

उकंडराव गुरुजी लिहून देऊन राह्यले. मी बोलते तसंच लिहा म्हटलं. अवं, मातीकचऱ्यासगट चीज कोनी परगावी धाडते का? म्हून निवडलं. आता मुयासगट उपटलं, माती बी झाडली नाही. बांधावरचं होतं, धुरा नारायणरावाच्या वावराचा. ते म्हने, काऊन वं जनका, तन उपटाची मजुरी मांगशीन का? म्या म्हटलं, मालक, हे तन कालेजात चाल्लं, तुमी राहा अठीच. लय हासले. बाबाचा खोकला कमी हाय. तू जेवते का नाही, ते लिहत नाहीस.

जीव लावून राहा.
तुही आई (अंगठा)

अकोला,
ता. २३ सप्टेंबर १९६४

प्रिय आईस सप्रेम जयभीम. वि. वि.

झाड मातीसकट सरांपुढे ठेवले. खालची पाने मुळ्याच्या पानांसारखी कातरलेली, वरची दांडीला मिठी मारून. सरांनी भिंगातून पाहिले, पुस्तक काढले, आणि ही सहदेवी नव्हे, सदामंडी, असे म्हणाले. मला नवा कागद दिला.

त्यावर ‘गोळा करणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. झाड मी उपटलेच नाही, मग माझे नाव कसे लिहू? ‘जनकाबाई इंद्रभान, जानेफळ’ असे लिहिले. तुला विचारले नाही, याची रुखरुख आहे. रागावू नकोस.

तुझी सिंधू

जानेफळ,
ता. १ ऑक्टोबर १९६४

चि. सिंधूस जयभीम व आशीर्वाद.

तुहं नाव सोडलंस म्हून आधी रागावली. मंग गुरुजीले तेवढंच पुन्हा वाचाले लावलं. अठी कोनी जनके म्हनते, कोनी इंद्रभानची बायको. धुरा कोनाचा ते मात्र लिहू नको, नाही त नारायणराव म्हनतीन झाड आमचं.

सुगी झाली का अकोल्याले येईन. माहं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून धाड. रोज पाहून डोयात बसवीन. मंग कपाटातलं कोन्तं माहं, ते तू सांगू नको. मीच हुडकीन.

तुही आई (अंगठा)