पान एकतीस

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डेलाच्या आईने पत्र माझ्यासमोर टेबलावर आपटलं. लायब्ररीत, सगळ्यांदेखत.

"वाचा! तुम्हीच केलंय ना हे?"

शाळेचं पत्र. डेला कोस्की, इयत्ता तिसरी. वाचनाचा अंक कमी असल्यामुळे पुढच्या वर्षीही तिसरीतच बसावं लागण्याची शक्यता आहे. आणि खाली – 'शाळा मंडळाच्या १० फेब्रुवारीच्या निर्णयानुसार.'

मी म्हटलं, "शेरिल, असा निर्णय आम्ही घेतलेलाच नाही."

"मग हे काय देवाने पाठवलंय?"

डेला शेजारीच उभी. बुटाने बूट घासत. मंगळवारी ती माझ्याकडे वाचायला येते, ऑक्टोबरपासून. तिची जीभ अडते, पण शब्द तिला सगळे येतात. एकही चुकत नाही. आज वाचलं नाही. आईने कोट चढवला आणि घेऊन गेली.

मला खरंच आठवत नाही. सातजण आहोत मंडळात. असलं काही बोलणं झालं असतं तर आठवलं असतं!

बुधवार, २६ फेब्रुवारी

सापडलं.

संमतीच्या यादीत होतं. सातवं. व्यायामशाळेच्या छताची दुरुस्ती सहावी, स्वयंपाकघरातल्या दोन नेमणुका आठव्या, आणि मधे हे – 'तिसरी ते पाचवी, एआय वाचनसोबती, सोबतचा मसुदा पाहावा.' संमतीची यादी म्हणजे किरकोळ कामं. त्यावर चर्चा नसते. अध्यक्ष विचारते, "यादी मंजूर?" आणि सगळे एका दमात "हो" म्हणून मोकळे. मीही म्हटलं. सहाजण 'हो', एव्हरेट पास्क एकटा 'नाही'.

मसुदा चव्वेचाळीस पानांचा. पान एकतीस, खालून दुसरा परिच्छेद: मुलाला वर चढवायचं की त्याच वर्गात ठेवायचं, हे ठरवताना वाचनसोबतीने दिलेला अंक आधी धरावा.

आधी धरावा!

बैठकीचे कागद आले की मी ओळीखाली पट्टी ठेवून वाचते. प्रत्येक पान. गेल्या वर्षी माझा नवरा ऑरिन गेला आणि त्याच्या जागी उरलेल्या मुदतीसाठी मंडळाने मला बसवलं, तेव्हापासून एकही कागद न वाचता हात वर केलेला नाही. पण ९ फेब्रुवारीला त्याला वर्ष झालं. त्या आठवड्यात कागदांचं ते पाकीट पिशवीतून बाहेरच आलं नाही. मी त्याचे शर्ट इस्त्री करत बसले होते. कुणासाठी, विचारू नये.

एकच पाकीट. आणि नेमकं तेच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शाळेत जाऊन आले. सव्वीस वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात काढली, पण आज दारावर पाहुण्यांची चिकटपट्टी छातीला लावून आत गेले.

तिसरीचा वर्ग. बारा मुलं भिंतीकडे तोंड करून, कानांवर हेडफोन, पडद्याला वाचून दाखवतायत. यंत्र ऐकतं आणि अंक देतं. बाई दुसऱ्या टोकाला बाकीच्यांना गणित शिकवतायत. डेलाचा अंक एक्केचाळीस. पासष्ट लागतात. ती अडली की यंत्र थांबून राहतं, मग शब्द येत नाही असं धरतं आणि तिथे लाल खूण होते. पडदाभर लाल!

मग सुपरिंटेंडेंटकडे, म्हणजे शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याकडे. डॉ. लिंडेल. दोन वर्षांपूर्वी मॅडिसनहून आलेत. आपण होऊन उठून खुर्ची पुढे केली.

"मिसेस हाउप्ट, शिक्षक दमतात, चिडतात, लाडकं-दोडकं करतात. यंत्र करत नाही."

"त्या मुलीची जीभ अडते, डॉक्टर. डोळे नाही अडत."

"एका मुलीसाठी अख्खी योजना मोडायची?"

"एक मला माहीत आहे. माहीत नसलेल्या किती?"

ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही मंगळवारी चार मुलांचं वाचन ऐकता. मला माहीत आहे, आणि मनापासून आभार. उरलेल्या एकशे नव्वदांचं कोण ऐकणार? तीन शिक्षक जूनमध्ये चाललेत. त्यांच्या जागी एक अर्ज आलाय. एक!"

मी पिशवी उचलून उठले.

दारापर्यंत सोडायला आले. "आणि मंजुरी मंडळाचीच आहे. तुमचीसुद्धा."

टोमणा होता का? नसावा. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये शुक्रवारचे मासे खायला गेले. शुक्रवारी घरी बसलं तर लोक चौकशीला येतात.

एव्हरेट मंडळातल्या आणखी दोघांबरोबर बसला होता. म्हणजे तिथे तीन. मी बसले की चार, आणि चारजण एकत्र म्हणजे बैठक, आणि जाहीर न केलेली बैठक म्हणजे गुन्हा. म्हणून ताट हातात धरून उभी राहिले.

"बस की गं!"

"चौथी आहे मी."

"अरे हो. मग उभ्यानेच खा. कायद्याने माशाला बंदी नाही."

शेवटी तोच उठून माझ्या टेबलावर आला. मी त्याला म्हटलं, तू एकट्याने विरोध केलास, तुला पान एकतीस दिसलं होतं तर बोलायचं ना!

"कसलं पान?"

"यादीतला सातवा विषय. तू वाचला होतास ना?"

"छे गं! मी कुठे वाचतो? वाचत नाही म्हणून तर नाही म्हणतो."

मला हसू आलं. मग रडूही आलं. तो माशाचे काटे काढत बसला, मला वेळ देत. ऑरिनचा मित्र आहे तो, चाळीस वर्षांपासूनचा.

मग नीट सांगितलं त्याने. पुढच्या बैठकीत झालेला निर्णय पुन्हा उघडता येतो, पण आपल्या नियमाप्रमाणे ज्याने 'हो' म्हटलं होतं त्यानेच उघडायचा. त्याने 'नाही' म्हटलं होतं, म्हणून त्याला येत नाही. बाकी पाचजण उघडणार नाहीत.

"म्हणजे मीच."

"तूच. आणि मत का बदललं ते सांगावं लागतं. तोंडाने. कागदावर नोंद होते."

मासा तसाच राहिला ताटात.

रविवार, २ मार्च

चर्चमध्ये मार्लिस माझ्या शेजारी. मंडळाची अध्यक्ष आणि माझी जुनी शेजारीण. प्रार्थनेत 'शांती असो' म्हणत शेजाऱ्याशी हात मिळवतात, तसा तिने माझा धरला आणि सोडला नाही. "काही होतंय का तुला, व्हर्ना?" मी म्हटलं, गुडघा.

मंगळवार, ४ मार्च

डेला आली नाही.

शेरिलला फोन केला. आता तिचा आवाज मऊ होता, ते रागापेक्षा वाईट. डेलाने वर्गात तोंड उघडणंच बंद केलंय म्हणे. धाकटी बहीण फर्न दुसरीत आहे. पुढच्या वर्षी दोघी एकाच वर्गात. फर्नला वाटतंय मज्जाच आहे! घरभर सांगत सुटलीये, "मी आणि डेला एकाच बाकावर!" आणि डेला जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसते.

"तुम्ही काही करू शकता का हो, मिसेस हाउप्ट?"

मी म्हटलं, बघते.

काय बघते? मला काय करायचं ते माहीत आहे. बघायचं काही उरलेलंच नाही.

गुरुवार, ६ मार्च

भाषण सहा वेळा लिहिलं. सहाही चुलीत.

मार्लिसचा फोन. विषय उघडायचा आहे हे मी कळवलं होतं, त्यावर. तिने मला रस्ता काढून दिला – "'नवी माहिती मिळाली' असं म्हण. सगळे म्हणतात. कुणी विचारत नाही."

"माहिती नवी नाही, मार्लिस. पान एकतीसवर होती. मी वाचलं नाही."

"ते नको ना म्हणूस! बाई, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

ती चाचरली. "हेच… की ऑरिनच्या जागी आपण कुणाला बसवलं. किचनमधली बाई."

माझ्या बाजूने बोलत होती ती. हे मला कळतं. फोन ठेवल्यावर तिचं वाक्य दिवसभर भांड्यात खडखडत राहिलं.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली. चौतीसपर्यंत मी डब्यावरची लेबलं आणि शाळेचा आठवड्याचा मेनू सोडून काही वाचलं नव्हतं. मग एका हिवाळ्यात लायब्ररीच्या पहिल्या फडताळापासून सुरुवात केली आणि एकेक पुढे सरकत गेले. मधमाश्या, युद्धं, रशियातल्या राण्या, मूत्रपिंड. ऑरिन म्हणायचा, "कुठपर्यंत आलीस?" पुस्तकाचं नाव नाही, फडताळ विचारायचा. लोकांकडे पदव्या असतात. माझ्याकडे एवढंच आहे – की व्हर्ना हाउप्ट वाचते.

आणि आता भर सभेत उभं राहून सांगायचं, की वाचलं नाही.

'नवी माहिती.' किती सोपं आहे.

सोमवार, १० मार्च

निळा ड्रेस सैल होतोय. सहाला बैठक.

मंगळवार, ११ मार्च

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

हॉल भरलेला. लोकांना बोलायला तीन-तीन मिनिटं. शेरिल चीज फॅक्टरीतून थेट आलेली, डोक्याला जाळी तशीच. घड्याळ लावलं की ती घाईघाईने बोलायला लागली, आणि "माझी मुलगी मूर्ख ना–" इथे घंटी वाजली. तिने वाक्य पूर्ण केलं नाही. खाली बसली. नियम म्हणजे नियम.

मग मी. उभी राहिले. दहा फेब्रुवारीचा सातवा विषय पुन्हा उघडावा अशी सूचना.

मार्लिसने विचारलं, "कारण?" आणि माझ्याकडे पाहिलं – म्हण की गं, नवी माहिती!

"मी वाचला नव्हता," मी म्हटलं. "चव्वेचाळीस पानं होती. एकही वाचलं नाही, आणि हो म्हटलं."

मागे कुणीतरी हसलं. पुरुष. मी वळून पाहिलं नाही. कान मात्र तापले, अजून तापलेत.

एव्हरेटने अनुमोदन दिलं. "मीही वाचलं नव्हतं," तो म्हणाला, "पण माझं सगळ्यांना माहीत आहे." त्यावर सगळे हसले आणि मला श्वास घेता आला.

विषय उघडला. डॉ. लिंडेल उठले. मला वाटलं आता माझी सालटी काढणार. पण ते म्हणाले, पान एकतीस ही आमची चूक. तो परिच्छेद काढू. कुणालाही अंकावरून मागे ठेवणार नाही, पत्रं परत घेऊ. यंत्र फक्त सरावासाठी राहू द्या.

मार्लिस माझ्याकडे वळली. "व्हर्ना, एवढ्यावर भागेल?"

भागलं असतं. डेला चौथीत गेली असती, तिथेच संपलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या लाल खुणा होत्या, आणि ते हसणं कानात होतं. इतकी लाज पत्करल्यावर अर्ध्यावर थांबायचं?

"नाही," मी म्हटलं. "मुळापासून काढा. मुलांचं वाचन माणसांनी ऐकायचं."

टाळ्या पडल्या. शेरिल रडत होती. चार विरुद्ध तीन. चौथं मत मार्लिसचं! आजपासून यंत्रं खोक्यांत.

बाहेर पार्किंगमध्ये लिंडेल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. न वळता म्हणाले, "उद्या सकाळी साडेनऊला एकशे नव्वद मुलं कुणाला वाचून दाखवणार, तेवढं कळवा."

मी म्हटलं, मी लोक जमवीन. चर्चमधून, लीजनमधून.

घरी येऊन ऑरिनच्या बाजूला आडवी झाले. म्हणजे त्याच्या बाजूच्या जागेवर. वर्षभरात पहिल्यांदा सरळ सहापर्यंत झोपले.

शुक्रवार, १४ मार्च

लोक जमले: नऊ. एव्हरेट धरून. त्याने पहिल्याच दिवशी मुलांना स्वतःच वाचून दाखवलं, उलट. म्हणे त्याला मजा आली.

नऊ.

मंगळवार, १८ मार्च

डेला आली. कोट काढून खुर्चीला लावला, पुस्तक उघडलं, पण वाचेना. विचारलं, काय झालं गं? खूप वेळ लागला तिला. म्हणाली, "मिस व्हर्ना, ते यं– यंत्र कधी परत येणार?"

मी म्हटलं, ते आता येणार नाही, घाबरू नकोस.

"ते थां– थांबायचं. माझा शब्द मला म्ह– म्ह–"

"म्हणू द्यायचं," मी म्हटलं.

तिचा शब्द मीच म्हणून टाकला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटलं.