तो चतुर मी टिपला होता, दादा

प्रिय दादा,

काल तुझा तेरावा झाला. जुन्या जालन्यातल्या तुझ्या स्टुडिओत लोक तो चतुर किड्याचा फोटो बघून म्हणत होते, "काय नजर होती माणसाची!" मी चहाचे कप उचलत होते. बारा वर्षं गप्प राहिले. आता तुलाच लिहिते. दुसऱ्या कुणाला लिहू?

आठवते हसनाबादची ती थंडीतली सकाळ? मामांच्या बांधावर, गवताच्या काडीला दवानं भिजलेला चतुर धरून बसलेला. ऊन लागेपर्यंत तो उडत नाही, हे तूच शिकवलंस. गुडघे टेक, श्वास रोखून धर, फोकसची रिंग फिरवू नको, अंगच पुढंमागं कर. किती मायेनं शिकवायचास रे!

पण तुझ्या फोटोत चतुराचे डोळे लख्ख आले की पंख पुसट व्हायचे. मी म्हटलं, "समोरून न्हाई दादा, पाठीकडून घे. क्यामेरा पंखांना बराबर समांतर धर."

तू वैतागलास. "रोलमधी एकच फोटो उरलाय. मंग तूच काढ!"

काढला मी. डोळे, पंख, पंखावरचा थेंब अन् थेंब.

तोच औरंगाबादच्या प्रदर्शनात पहिला आला, आणि खाली नाव तुझं! मी विचारलं तर म्हणालास, "क्यामेरा माझा, रोल माझा. तू नुसतं बटन दाबलं." नुसतं बटन? त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, का म्हणून?

दवाखान्यात मी एकदाच आले. "शोभे..." म्हणालास आणि डोळे मिटलेस. काय सांगायचं होतं? की नुसतं पाणी हवं होतं?

काल लोक गेल्यावर घरी वहिनीला म्हटलं, "तो फोटो माझा आहे."

ती ताटं पुसत म्हणाली, "म्हाईत हाय. त्यांनीच सांगितल्तं मला. पण आता कशाला बोलून राह्यल्या, ताई?"

म्हणजे घरात सगळं ठाऊक होतं! मला मात्र तोंडावर 'नुसतं बटन' म्हणालास.

ऐक. या हिवाळ्यात मी पुन्हा त्या बांधावर गुडघे टेकणार. फोटोखाली माझं नाव पूर्ण लिहिणार. आणि कुणी विचारलं, कुठं शिकलात, तर तुझं नाव सांगणार. ते खरं आहे म्हणून. तुझ्यासारखं दुसऱ्याचं नाव दडवणं मला जमणार नाही.

तुझी बहीण,
शोभा