नळी तोंडात असताना

लाडके,

फोनवर तुला सांगितलं, की दिवसभर बोटीच्या डेकवर सावलीत बसून होते. साफ खोटं! "आई, पाण्यात उतरायचं नाही," असं तू दहादा बजावलंस आणि मी पहिल्याच बेटावर श्वासाची नळी तोंडात धरून उतरले.

खाली रंगीत प्रवाळ आणि पट्टेरी माशांचा हा घोळका! आयुष्यभर लोकांचे कपडे शिवताना पट्ट्याला पट्टा जुळवून मी मेटाकुटीला यायचे. इथे पाठीपासून पोटापर्यंत पट्टा कसा सरळ, जोड दिसेल तर शपथ. "वा!" म्हणायला मी तोंड उघडलं आणि निम्मा समुद्र गिळला.

गाइडने मला ओढून वर काढलं. "आजी, नळी तोंडात असताना बोलायचं नसतं!"

"अरे, असलं काम बघून गप्प कशी बसू?" असं म्हणून मी पोटभर खोकले आणि पुन्हा उडी मारली.

हे पत्र काही मी पाठवत नाही. पुढच्या वेळी तुलाच इथे आणीन, आधी तुझ्या तोंडात नळी देईन आणि मगच तुझ्यासमोर सूर मारीन. बघू कशी ओरडतेस!

सध्या उन्हात वाळत बसलेली,
तुझी आई