डावखुरं घर

९ ऑक्टोबर, मंगळवार

ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण तुझ्या मागच्या पत्रात हॉस्पिटलच्या ड्यूटीशिवाय काही नव्हतं.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. आमचं ऑफिस कमी किमतीची छोटी घरं बांधतंय. त्यातलं नमुन्याचं घर तयार झालं. आराखडा माझा.
२. घरं घेणारी मंडळी ते बघायला आली.
३. घर चुकलं होतं.
४. मी दुरुस्त केलं.

चूक अशी. भिंतीत मिटणारा पलंग, बाकाखालचे खण, खिडकीखालून ओढून काढायचं टेबल, सगळ्याचं कौतुक झालं. मग एक आजी ओट्याशी उभ्या राहिल्या, हवेतच भाजी चिरल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं उलट्या हाताला का गं?" नळ, चिरायची जागा, सुऱ्यांचा खण, सगळंच. कंत्राटदाराला तर आयतंच सापडलं. "मॅडम, डावखुऱ्यांची वसाहत काढताय की काय?"

साहेब नजरचूक म्हणाले. मीही हो म्हटलं.

नजरचूक नव्हती. स्वयंपाकाची जागा आखायला घेतली की मला तू दिसतेस, पाठमोरी. आई गेल्यावर त्या एका खोलीत तू डाव्या हाताने कांदा चिरायचीस आणि मी ओट्याखाली बसून गणितं सोडवायचे. "सरक गं, ढोपर लागतंय तुझं," म्हणून ओरडायचीस आणि मग स्वतःच सरकायचीस. कमी जागेत दोन माणसं कशी मावतात हे मला कॉलेजने शिकवलं, असा माझा समज होता.

असो. दुसरी बातमी म्हणजे, त्यातलं एक घर मी घेतलंय. त्यातला ओटा मी बदलू दिला नाही.

मला नोकरी लागली त्याच आठवड्यात तू म्हणालीस, "आता तुझं तू बघ बाई, मला जरा श्वास घेऊ दे," आणि तिकडे नर्सच्या हॉस्टेलवर राहायला गेलीस. तुझं बरोबर होतं. माझी तक्रार नाही. नसावी, असं मी ठरवलंय.

म्हणून या नव्या घरात, मागच्या भागाला आधी नुसता पडदा होता तिथे, आता सरकतं दार आखलंय. कडी आतून. आत एक पलंग, एक फळी आणि खिडकी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपता येईल इतका अंधार होतो. मी पुढच्या भागात. मला खिडकी नसली तरी चालते.

तू म्हणशील, "एवढ्याशा घरात दोघी? डोकं ठिकाणावर आहे ना?" आहे. मोजून पाहिलंय. दार लावलंस तर मी हाक मारणार नाही.

एकटीसाठी करायचं झालं तर त्या जागी कपाट येईल. भिंतभर. त्यात ठेवण्याजोगं माझ्याकडे काही नाही.

सुतार २३ तारखेला लाकूड कापणार आहे. एकदा कापलं की बदलता येणार नाही. तेव्हा दार करायचं की कपाट, ते मला सोमवार, २२ तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
धाकटी