एक्केचाळीस नंबरचा कोट

हेलसिंकी,
९ जानेवारी २०२५

ती. मालिनीताईस,
स्वरदाचा सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगता येत नाही. आपल्या घरी फोन कायम स्पीकरवर आणि दादा शेजारी. म्हणून पत्र. माझी कंपनीतली नोकरी सप्टेंबरातच गेली. तेव्हापासून मी एका नाचाच्या हॉलमध्ये लोकांचे कोट सांभाळते. दादांना कळू देऊ नकोस. घरी येणाऱ्या प्रत्येक यजमानाला ते अजून ऐकवत असतील, धाकटी लेक फिनलंडात कॉम्प्युटरवर असते म्हणून.

इथे हिवाळ्यात कोट घालून कुठल्याही बारमध्ये किंवा नाचघरात आत सोडत नाहीत. दाराशी कोट द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा. आमच्या रस्त्यावर चार बार, एक कराओके आणि टोकाला आमचा हॉल. शुक्रवारी-शनिवारी तरुण मंडळी येतात, बिल्ले हरवतात आणि माझ्यावर ओरडतात. बुधवारी दुपारी मात्र म्हाताऱ्यांचा नाच. अकॉर्डियन, व्हायोलिन आणि एक खोकणारा गायक. टँगो इतके उदास की आपल्याकडे दहाव्याला चालतील. अर्धा वेळ बायकांना पुरुषांनी विचारायचं, अर्धा वेळ पुरुषांना बायकांनी. दोन गाणी नाचायचं, बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, मान झुकवायची. बोलायचं नाही.

त्यातल्या एका आजोबांना खिडकीजवळची एक्केचाळीस नंबरचीच खुंटी लागते. मी ती राखून ठेवते. कोट देताना ते काळ्या खारट गोळ्यांची डबी पुढे करतात. गोळी थुंकून टाकावी अशी असते. मी खाते. दिवसभरात माझ्याकडे बघून हसणारं तेवढं एकच माणूस. मी त्यांना मनातल्या मनात एक्केचाळीस म्हणते.

हा हॉलही महिनाअखेर बंद होणार. तिथे हॉटेल होतंय. पुढचं पुढे बघू.

तुझ्या मायेवरच सगळं चाललंय.
स्वरदा


पंचवटी, नाशिक,
३० जानेवारी २०२५

चि. स्वरदास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी शाळेत, आणि पोस्टमनने पत्र दिलं दादांच्या हातात. मी घरी येईपर्यंत भिंग लावून त्यांचं वाचून झालेलं. आणि काय सांगू, दादा हसत होते! गुडघे गेल्यापासून, घाट सुटल्यापासून हा माणूस हसलेला मी पाहिला नव्हता. म्हणाले, एवढी शिकली, एवढी लांब गेली आणि शेवटी आपल्याच धंद्याला लागली की. खरंच आहे ग. यजमान रामकुंडात उतरले की त्यांचे कपडे काखेत धरून उभं राहायचं, सात पिढ्या घाटावर उपाध्येपण करताना दुसरं काय केलं आपण? तू तर परकर पसरून गाठोड्यांवर अशी बसायचीस की खऱ्या मालकालाही हात लावू द्यायची नाहीस.

आता दादांचा निरोप, शब्दाला शब्द. कपडा घेताना नाव विचारायचं. नुसत्या खुणेवर घ्यायचा नाही. एक्केचाळीस हे काय माणसाचं नाव झालं, असंही म्हणाले. त्यांचं नाव, गाव, वडिलांचं नाव विचारून कळव. यजमानांच्या नामावळीच्या वहीत कोरं पान काढून ठेवलंय. मी म्हटलं, ते थोडेच नाशिकला येणार आहेत? तर म्हणाले, नाही आले तर नाही, वहीत असू देत.

नोकरीचं लपवलंस त्याबद्दल रागावेन म्हणते, पण आज जमत नाही. त्या म्हाताऱ्याला विचार मात्र. आणि विचारताना जरा हसत जा.

इकडचा जीव तिकडेच लागलेला असतो.
मालिनीताई


हेलसिंकी,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून यायचंय. मलाच धीर नाही.

एकोणतीस तारखेला शेवटचा नाच झाला. हॉल भरला होता. आजोबा एकही गाणं बसले नाहीत. पाच वाजता सगळे कोट गेले आणि एक्केचाळीस नंबरचा राहिला. बघते तर बिल्ला माझ्या टेबलावर ठेवलेला, त्यावर गोळ्यांची डबी. मी कोणाला तरी कोट देत होते तेव्हा ते ठेवून गेले असणार. स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले, हे नंतर कळलं. बाहेर उणे चौदा होतं. मी कोट घेऊन ट्रामच्या थांब्यापर्यंत धावले. दोन्ही बाजूंना पाहिलं. हाक मारायची, तर काय म्हणून मारणार होते? परत आले. मॅनेजर म्हणाला, म्हातारी माणसं विसरतात, उद्या येतील. मलाही तेच खरं धरायचं होतं.

दोन दिवसांनी पोलीस आले. समुद्राकाठच्या बाकावर आजोबा थंडीने गेलेले सापडले म्हणाले, पायांत नाचाचे बूट आणि अंगात नुसता पांढरा शर्ट. मला नाव विचारलं. चार महिने त्यांचा कोट मी दोन्ही हातांनी घेतला ग, आणि मला नाव माहीत नव्हतं. पोलिसांना पुढे कळलं असणार. मी विचारायला गेले तर नात्याची नाही म्हणून सांगत नाहीत. कोट आणि डबी ते घेऊन गेले. बिल्ला तेवढा माझ्याकडे राहिला.

दादांना एवढं विचार. कपडे ठेवून माणूस परत आला नाही, तर ज्याच्या हाती ते राहिले त्याने काय करायचं? आणि ते न्यायला येणार नाहीत, हे मला कोट घेतानाच कळायला हवं होतं का? त्यांना नक्की माहीत असेल.

लोभ असू दे, आत्ता त्याची फार गरज आहे.
स्वरदा


पंचवटी, नाशिक,
५ मार्च २०२५

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दादांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आपण जिला सोवळ्याची ट्रंक समजून कधी शिवलो नाही, ती. आत एक पायजमा, सदरा, टोपी, आणि टोपीत लासलगावच्या एसटीचं तिकीट.

तू दहावीला होतीस त्या पितृपक्षात एक माणूस हे कपडे दादांच्या हाती देऊन पाण्यात उतरला आणि वर आला नाही. गर्दी होती, दादांनी नाव विचारलं नव्हतं. नंतर ते तीनदा लासलगावला गेले. स्टँडवर, कांद्याच्या मार्केटात सगळीकडे विचारलं, पण काय विचारणार? दर सर्वपित्रीला ते एक गाठोडं घेऊन घाटावर अंधार पडेपर्यंत बसायचे, आठवतं? आपल्याला वाटायचं श्राद्धाचं सामान आहे. कोणी ओळखून मागेल म्हणून बसायचे.

तुझा प्रश्न मी पुन्हा विचारला. दादा म्हणाले, तिला सांग, मला माहीत नाही.

मी म्हटलं, निदान आजोबांना पाणी देऊ या. नाव-गोत्राशिवाय देता येत नाही म्हणाले. मग अंगावरचं वस्त्र पिळून निपुत्रिकांना देतात ते तरी? तर ते आपल्याच कुळातल्यांसाठी. मी चिडून म्हटलं, कोण तपासायला बसलंय? ते म्हणाले, पाण्याला कळतं.

तरी रविवारी मी एकटी गंगेवर, रामकुंडाशी गेले. पदर भिजवला आणि तुझ्या आजोबांसाठी पिळला. काही वाटलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार होते, पण आपल्या दोघींत ते नको.

दादांनी ते पान कोरंच ठेवून वही मिटून टाकली. त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय. तू ये म्हणावं, तर इथे येऊन तरी काय करशील, हे मला सुचत नाही.

आहे तशी माया आहे, ती धरून राहा.
मालिनीताई


हेलसिंकी,
२७ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. नाव विचार, असं सांगणारं पहिलं पत्र आजोबा गेल्यावर तीन आठवड्यांनी आलं. दादांना सांग, त्यांचं उत्तर मिळालं. मला वाटलं होतं, घरात एकाला तरी माहीत असेल.

काम मिळालेलं नाही. राहायचा परवाना मे अखेरपर्यंत आहे.

काल बुधवार होता. दोन वाजता पाय आपोआप हॉलकडे वळले. दाराला फळ्या ठोकल्यात, वर हॉटेलचं चित्र. तिथे पाच-सहा जण आधीच उभे होते. बुधवारचेच सगळे, नाचाचे बूट पिशवीत घेऊन. बंद झालंय हे त्यांना ठाऊक होतं, तरी आले होते. कोट घालूनच उभे होते. इतके दिवस एकमेकांच्या हातात हात देऊन नाचलेली माणसं, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

माझ्या शेजारी एक बाई होती, हिरव्या कोटाची, सतरा नंबर. तिने मला ओळखलं आणि मान झुकवली. दादांचा निरोप माझ्या जिभेवर होता. नाव विचारायचं, एवढंच. मी शब्दही जुळवले होते.

तेवढ्यात ट्राम आली आणि ती चढून गेली.

एक्केचाळीसचा बिल्ला वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. ट्रंकेत ठेव.

तुझीच,
स्वरदा