लिटरला बारा

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.१०
आज जेवण झाल्यावर बाबांनी डिझेलच्या पावतीच्या पाठीमागे भागाकार केला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. आठवड्याचे एकशे ऐंशी किलोमीटर, साडेएकवीस लिटर. उत्तर आठ पूर्णांक चार. बाबांनी पुन्हा केला. तेच आलं. म्हणाले, तुझ्या हातात यायच्या आधी हीच पिकअप लिटरला बारा द्यायची. महिनाअखेर बारा दाखव, नाहीतर विकून टाकतो. मग कारखान्याच्या गाद्या भाड्याच्या टेम्पोने जातील आणि तू मुकाट्याने कॉलेजात.
मी म्हटलं, चौदा वर्षांची गाडी आहे, म्हातारपणी खाणं वाढतंच. आई म्हणाली, म्हातारपणी खाणं कमी होतं. चर्चा संपली.
त्यात नेमका फेब्रुवारी वाट्याला आला. दोन दिवस आधीच गेले.

३ फेब्रुवारी
घाबरायचं कारण नाही. मेकॅनिकल दीड वर्ष शिकलोय. भांडण थर्मोडायनॅमिक्सच्या सरांशी झालं होतं, थर्मोडायनॅमिक्सशी नाही.
टायरमध्ये हवा भरली. एअर फिल्टर झटकला, तर उशी भरेल एवढा कापूस निघाला. बारा काय, तेरासुद्धा जातील.
सकाळी ९.४० ते १०.२० चष्म्याच्या दुकानासमोर थांबा. इंजिन चालू. टर्बोची गाडी एकदम बंद करायची नसते, टर्बो आधी थंड व्हावा लागतो, हे मी वाचलंय. दोन मिनिटं लागतात की चाळीस, यावर मतभेद आहेत. ती हिरव्या कपड्यांत होती. काउंटरवर बसून फ्रेम पुसत होती. मी गाडीची पाठ दुकानाच्या दाराकडे करून उभी करतो. ती आरशात पूर्ण दिसते आणि मी बघतोय असं कुणाला वाटत नाही.
संध्याकाळी पुन्हा पस्तीस मिनिटं. टर्बो दिवसातून दोनदा तापतो.

५ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याकडे गेलो. बॉनेटला कान लावून रोग सांगतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. कुठे चालू ठेवून उभा राहतोस का? मी नाही म्हटलं. उभं राहणं वेगळं, थांबणं वेगळं. वर म्हणतो, या मॉडेलला टर्बोच नाही. जुन्या पिढीशी काय वाद घालणार. तरी घातला. तावातावाने निघालो तर गाडी सुरू होईना. त्यानेच मागून धक्का दिला. स्टार्टर दमलाय म्हणाला, बंद केलीस की परत घेईलच असं नाही.
दमलोय मीही. पण म्हणूनच तिच्या दुकानासमोर बंद करत नाही. मुलीच्या डोळ्यांदेखत धक्का मारून घेणाऱ्या माणसाने पुढे कुठल्या तोंडाने बोलायचं?

७ फेब्रुवारी
आजपासून ताशी वीसच्या वर नाही. एक दूधवाला सायकलवरून पुढे गेला आणि जाताना वळून बघून हसला. सोडून दिलं. पुढच्या चौकात त्याला गाठून सुनावलं. तेवढ्यापुरता वेग थोडा वाढवावा लागला.

८ फेब्रुवारी, रविवार
आठ पूर्णांक तीन.
दूधवाला.

१० फेब्रुवारी
वजन हाच शत्रू. जादा चाक, जॅक, पान्यांची पेटी सगळं कारखान्यात उतरवलं. उशांच्या खोळी शिवता शिवता ताई म्हणाली, तूही उतर म्हणजे गाडी पंधरा देईल. मोठी बहीण म्हणून ऐकून घेतो.

११ फेब्रुवारी
पंक्चर. चाक कारखान्यात, मी सात किलोमीटरवर. तीन तास रस्त्याच्या कडेला गादीवर बसून काढले. सहा जणांनी भाव विचारला. एक बाई झोपून बघू का म्हणाल्या आणि खरंच झोपल्या. मला हेवा वाटला.
बाबा चाक घेऊन आले. ते बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
आठ पूर्णांक दोन. एवढं करून खाली गेला. म्हणजे पंपावर माप मारतात, दुसरं कारण उरत नाही. तसं पंपवाल्याला सगळ्या रांगेसमोर सांगितलं. त्याने शांतपणे पाच लिटरचं माप आणलं आणि त्यात डिझेल भरून दाखवलं. थेंबभर कमी नाही. मागून कुणीतरी म्हणालं, झालं का परीक्षण, आम्हाला घरी जायचंय. माफी मागितली नाही. मान हलवली, तिचा त्यांनी काय तो अर्थ घ्यावा.

१६ फेब्रुवारी
ती नव्हती. काउंटरवर दुकानाच्या मालकीणबाई. टर्बो फारसा तापला नव्हता, निघालो.

१७ फेब्रुवारी
आजही नाही. थांबलो नाही. अॅक्सिलरेटर दाबायचीसुद्धा इच्छा होत नाही. वाटेत डिझेलमध्ये टाकायचं औषध घेतलं. निळी बाटली, वर धावणारा चित्ता. मायलेज तीस टक्के वाढतं असं लिहिलंय. अक्षर बारीक आहे, पण लिहिलंय.

१९ फेब्रुवारी
दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. नजर उत्तम निघाली. जाता जाता मालकीणबाईंना विचारलं, नेहमीच्या मॅडम दिसत नाहीत? म्हणाल्या, घसा पार बसलाय तिचा, खोकून खोकून हैराण, आठवडाभर सुट्टी घेतलीय.
बिचारी. शहराची हवाच वाईट झालीय. कुणालाच काही पडलेली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
बारा पूर्णांक एक!
तीनदा भागाकार केला. चित्ता जिंकला. शास्त्र जिंकलं. बाबांनी स्वतः चौथ्यांदा केला आणि म्हणाले, एका आठवड्याने काही ठरत नाही, अठ्ठावीसला बघू. ताई म्हणाली, या आठवड्यात तू वेगळं काय केलंस? तिला अकरा मुद्दे सांगितले. तिसऱ्यालाच उठून गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार
ती परत आली. ९.४० ला नेहमीच्या जागी उभा राहिलो. पाच मिनिटांत ती दुकानातून बाहेर पडली आणि आरशात मोठी मोठी होत आली. मी केस सारखे केले.
नाकावर रुमाल होता. काच वाजवून म्हणाली, ओ गादीवाले, हिला बंद करायची सोय नाही का? मी म्हटलं, टर्बो. म्हणाली, तुमच्या त्या टर्बोने माझा घसा गेला. रोज तास तास सगळा धूर आमच्या दारात. डॉक्टरांनी विचारलं, बस डेपोत कामाला आहात का? चष्मा हवा असेल तर आत या, नसेल तर कृपा करा. एवढं बोलताना खोकल्यामुळे तिला दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा मी काहीतरी बोलू शकलो असतो.
गाडी बंद केली. मग तिथून लगेच निघून जावंसं वाटलं आणि ती सुरू होईना. मालकीणबाई आणि ती, दोघींनी धक्का मारला. वळून बघितलं नाही. आरशात दिसत होतं.

२५ फेब्रुवारी
सरळ रस्त्याने गेलो, सरळ आलो. आई म्हणाली, आजकाल लवकर येतोस, बरं आहे ना? बरं आहे.
बसल्या बसल्या गणित केलं. रोज सव्वा तास उभं इंजिन, लिटरहून थोडं जास्तच डिझेल. सहा दिवसांचं वजा केलं की बारा येतात. चित्त्याचा संबंध कुठेच आला नाही. हे गणित या वहीबाहेर जाणार नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०
बारा पूर्णांक दोन. बाबा म्हणाले, बरं केलंस, गाडी राहू दे. त्यांच्याकडून ही मिरवणूकच. जिंकलोय. सकाळपासून कुठे घेऊन जावी असं वाटलेलं नाही.
बाबांनी विचारलं, काय केलंस नेमकं? मी म्हटलं, जमलं हळूहळू. त्यांनी माझ्यादेखत मामाला फोन लावला. त्याचीही हीच गाडी, तीही साडेआठच देते. म्हणाले, आमच्या पोराला इलाज सापडलाय, ये शिकून घे.
मामा आलाय. वर यायला तयार नाही. खिडकीखाली इंजिन चालू ठेवून बसलाय आणि हॉर्न वाजवतोय. आई म्हणते, जा बाबा लवकर, सगळा धूर स्वयंपाकघरात येतोय.
मामाला सांगायची गोष्ट एकच आहे. बंद कर. मग तो विचारणार, तू कशासाठी चालू ठेवायचास? त्याचं उत्तर जिन्यात शोधतो. दोन मजले आहेत.
पुन्हा हॉर्न. जातो. मागे दार घट्ट लावून घेतो, धूर आत यायला नको.